वाचक विचारतात: सुट्टीत दरवर्षी तोच सिनेमा?

डिसेंबर लागला की या सदराकडे येणारे प्रश्न पण सुट्टीच्या मूडमध्ये जातात, नाताळ, ३१ तारीख, टीव्ही आणि रिमोटवरून होणारी भांडणं. त्यातले चार घेतलेत.

प्रश्न: नाताळच्या सुट्टीत दरवर्षी तोच एक जुना सिनेमा लावायचा हा माझ्या नवऱ्याचा हट्ट. डायलॉग सगळ्यांना पाठ, मुलं वैतागतात, मी पण. एवढं नवीन येत असताना तेच तेच बघण्यात काय मजा आहे?

ताई, तुमचे अहो एकटे नाहीत हो, अख्खे देश असे आहेत. स्वीडनमध्ये २४ डिसेंबरला दुपारी ३ वाजता टीव्हीवर डोनाल्ड डक आणि मंडळींची जुनी कार्टून्स लागतात, १९६० पासून, आणि तेवढा वेळ घरातली बाकीची कामं थांबतात. जर्मनीत तर त्याहून भारी प्रकार, ३१ डिसेंबरला 'डिनर फॉर वन' नावाचं १८ मिनिटांचं प्रहसन दाखवतात, १९६३ ला तिथल्याच टीव्हीने रेकॉर्ड केलेलं, पण इंग्लिशमधलं, आणि तरी लोक पोट धरून हसतात. गोष्ट काय तर ९० वर्षांच्या एका बाईंचा वाढदिवस, जेवायला बोलावलेले चारही मित्र कधीच वारलेत, मग बटलरच प्रत्येकाच्या वतीने ग्लास रिकामा करत जातो. जमिनीवर वाघाचं कातडं पसरलंय, त्याच्या डोक्याला तो येता जाता अडखळतो आणि मध्येच एकदा चुकून अडखळत नाही तेव्हा त्यालाच नवल वाटतं. आता ही गंमत पहिल्यांदा बघणाऱ्याला जेवढी येते त्याच्या दुप्पट दहाव्यांदा बघणाऱ्याला येते, कारण वाघाचं डोकं जवळ येतंय हे दिसलं की आधीच हसू फुटायला लागतं. नवीन सिनेमात हे कुठून मिळणार, तिथे हा कोण ती कोण यातच पहिला अर्धा तास जातो.

आणि एक, असे सिनेमे दरवेळी दर्जामुळेच डोक्यावर बसतात असं पण नाही बरं का. फ्रँक काप्राचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' १९४६ चा, तेव्हा खर्चसुद्धा निघाला नव्हता. १९७४ मध्ये कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, मग अमेरिकेतल्या टीव्ही चॅनलांना तो जवळजवळ फुकटात मिळायला लागला आणि त्यांनी डिसेंबरभर इतक्यांदा दाखवला की लोकांना त्याशिवाय नाताळ झाल्यासारखंच वाटेना. (सिनेमा चांगलाच आहे, तो वाद नाही.) त्यातला बर्फ बघा नीट. त्या आधी सिनेमात बर्फ म्हणून पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स पसरायचे, त्यावरून चाललं की कर्रकर्र असा आवाज यायचा की डायलॉग नंतर वेगळे रेकॉर्ड करावे लागायचे, इथे आग विझवायच्या फेसात साबण वगैरे मिसळून नवीन बर्फ बनवला आणि शूटिंग मात्र ऐन उन्हाळ्यात चाललेलं. असलं काहीतरी मुलांना शोधायला लावा, पाठ झालेला सिनेमा पण वेगळा दिसतो. तरी वैताग गेला नाहीच तर सरळ तह करा, एक सिनेमा अहोंचा, दुसरा मुलांनी आळीपाळीने निवडायचा आणि निवडलेल्याला कोणी नावं ठेवायची नाहीत.

प्रश्न: नात ५ वर्षांची आहे. तिला 'नटक्रॅकर' बॅले दाखवावा म्हणते, पण मीच कधी बघितलेला नाही. तिला झेपेल का? मला झेपेल का?

आजी, दोघींना झेपेल, फक्त एक आधी सांगून ठेवते, गोष्ट बहुतेक सगळी पहिल्या अंकात संपते. नाताळची पार्टी, छोट्या मुलीला अक्रोड फोडायचा लाकडी बाहुला भेट मिळतो, रात्री झाड वाढत वाढत छताला भिडतं, उंदरांच्या राजाशी लढाई, मग बर्फाचा नाच. दुसऱ्या अंकात मिठायांच्या राज्यात एकामागून एक नुसते नाच. म्हणजे 'पुढे काय झालं' विचारणारं पोर दुसऱ्या अंकात चुळबुळ करणार आणि ज्याला कपडे, उड्या, गिरक्या आवडतात ते तिथेच खूश. नात कुठल्या जातीची ते तुम्हाला माहीत. मध्यंतर धरून साधारण दोन तासांचा प्रयोग असतो, घरी बघणार असाल तर एक अंक आज, एक उद्या, कोणी विचारायला येत नाही.

१८ डिसेंबर १८९२ ला सेंट पीटर्सबर्गला पहिला प्रयोग झाला तेव्हा समीक्षकांची पण हीच तक्रार होती, स्टेजवर पोरंच पोरं आणि मुख्य नर्तिका येते ती शेवटी शेवटी. याचं संगीत रचणारा रशियन संगीतकार चायकोव्हस्की पुढच्याच वर्षी गेला, बिचाऱ्याला या बॅलेचं खरं यश बघायलाच मिळालं नाही. ते मिळालं अमेरिकेत, तेही पुष्कळ उशिरा, १९५४ ला न्यूयॉर्कमध्ये बालांशीन या नृत्यदिग्दर्शकाने बसवला त्यानंतर तो दर डिसेंबरचा झाला. ती शेवटी येणारी शुगर प्लम परी नाचते तेव्हा घंटेसारखा किणकिण आवाज येतो ना, ते सेलेस्टा नावाचं वाद्य, चायकोव्हस्कीने ते पॅरिसमध्ये ऐकलं आणि गुपचूप मागवून घेतलं, दुसऱ्या रशियन संगीतकारांनी आधी वापरू नये म्हणून. नातीला सांगा की तो आवाज आला की हात वर करायचा. तेवढ्यासाठी ती जागी राहील.

प्रश्न: १ जानेवारीला व्हिएन्नाची कॉन्सर्ट टीव्हीवर बघतो. शेवटी एवढे सुटाबुटातले लोक टाळ्या का वाजवायला लागतात?

तो राडेट्झ्की मार्च, म्हणजे लष्करी संचलनाच्या चालीची धून, थोरल्या योहान स्ट्राउसची, १८४८ ची, शेवटी तीच वाजवायची आणि लोकांनी ठेका धरायचा ही तिथली रीतच झालीये. मजा बघा, कंडक्टर ऑर्केस्ट्राकडे पाठ करून प्रेक्षकांकडे वळतो आणि टाळ्याच कंडक्ट करतो, इथे हळू, इथे जोरात. त्याच्या आधी त्याच्या मुलाचा, धाकट्या स्ट्राउसचा, 'ब्लू डॅन्यूब' हा वॉल्ट्झ (गिरक्यांच्या नाचाची धून) सुरू होतो, लोक मुद्दाम टाळ्या वाजवून तो थांबवतात, मग शुभेच्छा आणि मग परत पहिल्यापासून. दिसायला सगळं सोनेरी नि फुलाफुलांचं, पण पहिली कॉन्सर्ट १९३९ च्या ३१ डिसेंबरची, नाझींच्या काळातली, आणि पैसे त्यांच्याच निधीला गेलेले, हेही माहीत असलेलं बरं.

प्रश्न: नवीन मोठा टीव्ही घेतला आणि आवडते जुने सिनेमे सगळे सिरियलसारखे दिसायला लागले. टीव्ही खराब आहे का?

नाही हो, टीव्ही जरा जास्तच शहाणा आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा असतो, टीव्ही मधल्या फ्रेम्स स्वतःच्या मनाने बनवून घुसडतो, त्यामुळे सगळं गुळगुळीत आणि स्टुडिओत शूट केल्यासारखं दिसतं. मॅचला ठीक आहे, सिनेमाची वाट लागते. पिक्चर सेटिंगमध्ये जा, मोशन म्हणून काहीतरी असेल, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, ते बंद करा. फिल्ममेकर मोड (सिनेमा आहे तसाच दाखवणारी सेटिंग) दिसला तर तोच लावा, बाकी काही बघायला नको. आणि १९४० च्या काळातला सिनेमा असेल तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच, त्या घालवायला चित्र ताणू नका, माणसं बुटकी आणि जाडी दिसतात.