शस्त्रक्रियेनंतरचा संसार

प्रश्न : माझे यजमान ५४ वर्षांचे. ४ महिन्यांपूर्वी कर्करोगामुळे त्यांच्या लिंगाचा पुढचा भाग आणि जांघेतल्या गाठी काढल्या. आता लघवी फवाऱ्यासारखी उडते, संध्याकाळी पाय सुजतो. जत्रेला येत नाहीत, वेगळे झोपतात. काय करावं?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, आधी लघवीचं. बसून करणं सर्वांत सोपं. बाहेर जाताना पिशवीत प्लास्टिकचं छोटं नरसाळं ठेवावं. मात्र धार दिवसेंदिवस बारीक होत असेल, जोर करावा लागत असेल, तर व्रण आकसून नवं मूत्रद्वार अरुंद होतंय असं समजा. यूरॉलॉजिस्ट (मूत्ररोगतज्ज्ञ) ते रुंद करून देतात. लघवी पूर्ण अडली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, मग ते बांबोळीचं (गोवा मेडिकल कॉलेजचं) असो वा जवळचं.

गाठी काढल्यानं पायातल्या द्रवाची वाट अडते, म्हणून सूज. माप घेऊन केलेला, पायावर दाब देणारा घट्ट मोजा सकाळी उठताच चढवावा, रात्री काढावा. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) अनवाणी जाऊ नये, अशा पायाला जखमेतून जंतुसंसर्ग लवकर होतो. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात. पाय लाल, गरम होऊन ताप आला तर प्रतिजैविकं तातडीनं लागतात.

आता वेगळ्या अंथरुणाचं. लिंगाचा काही भाग उरला असेल तर ताठरता, संवेदना, वीर्यपतन बहुधा टिकतं. जखम भरल्यावर सर्जनना दोघांनी मिळून विचारा. हा कर्करोग स्पर्शानं लागत नाही. त्यांना लाज वाटते आहे, तुमचा कंटाळा आलेला नाही. जवळ बसणं तुम्हीच सुरू करा.

पहिली २ वर्षं साधारण दर ३ महिन्यांची तपासणी चुकवू नका. तंबाखू पूर्ण बंद.