ओएसपीएफ असूनही स्टॅटिक रूटच का निवडला जातो?

प्रश्न : मुख्य कार्यालय आणि शाखा येथील सिस्को राउटरांमध्ये लीज्ड लाइनवर (भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र लाइनवर) ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी एकमेकांना रूट आपोआप कळवण्याची पद्धत, चालते. लाइन तुटली तर काम अडू नये म्हणून ब्रॉडबँडवरील व्हीपीएन टनेलमधून (इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी वाटेने) शाखेच्या १०.२०.५.०/२४ या नेटवर्ककडे जाणारा स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेला, रूट घातला. तेव्हापासून लाइन सुरू असतानाही शाखेकडचा सगळा ट्रॅफिक टनेलमधूनच जातो. असे का?

उत्तर : एकाच नेटवर्कचे रूट दोन वेगळ्या ठिकाणांहून कळले, तर कोणती लाइन वेगवान आहे हे राउटर पाहत नाही, तो फक्त ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (रूट कुठून कळला त्यावरून ठरणारा विश्वासाचा आकडा) पाहतो आणि ज्याचा आकडा लहान तो रूट रूटिंग टेबलमध्ये ठेवतो. सिस्कोमध्ये स्टॅटिक रूटचा आकडा १ आणि ओएसपीएफचा ११० असल्यामुळे, तुम्ही हाताने लिहिलेला रूट ओएसपीएफच्या रूटला टेबलबाहेर काढतो. स्टॅटिक रूटच्या आज्ञेच्या शेवटी १३० हा आकडा जोडावा. मग स्टॅटिक रूट मागे थांबेल आणि ओएसपीएफचा रूट नाहीसा झाल्यावरच टेबलमध्ये येईल. लाइन मधेच कुठे तुटली आणि राउटरचा पोर्ट मात्र सुरूच राहिला, तर शेजारचा (पलीकडचा) राउटर गेल्याचे ओएसपीएफला कळायला मूळ सेटिंगनुसार ४० सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो, हे लक्षात असू द्यावे.

एवढे करूनही ट्रॅफिक टनेल सोडत नसेल, तर ओएसपीएफमधून येणारा रूट नेमका कोणता आहे ते टेबलमध्ये तपासावे. वाटेत कोणी समरी करून, म्हणजे अनेक नेटवर्कांचा मिळून एक मोठा रूट करून, १०.२०.०.०/१६ एवढाच रूट पाठवत असेल, तर १३० काय आणि २५० काय, काहीच फरक पडणार नाही, कारण डिस्टन्सची तुलना प्रीफिक्स (नेटवर्कचा पत्ता) आणि त्याची लांबी (/ नंतरचा आकडा) दोन्ही तंतोतंत जुळतात तेव्हाच होते. एरवी दोन्ही रूट टेबलमध्ये राहतात आणि पॅकेट अधिक नेमक्या, म्हणजे /२४ च्या, रूटने जाते. परतीच्या वाटेसाठी शाखेच्या राउटरवरही असाच रूट लागतो. बहुतेकांचे घोडे इथेच अडते.

टनेल जीआरई (ओएसपीएफचे संदेशही वाहून नेऊ शकणाऱ्या) प्रकारचा असेल, तर मी स्टॅटिक रूट काढूनच टाकीन आणि टनेलवर ओएसपीएफ चालवून त्याची कॉस्ट (ओएसपीएफ ज्यावरून वाट निवडते तो आकडा; लहान तो आधी) लीज्ड लाइनपेक्षा वाढवीन. पलीकडचे टोक मेले तरी कीपअलाइव्हशिवाय (टोक जिवंत आहे का हे तपासणाऱ्या संदेशांशिवाय) जीआरई टनेल सुरूच दिसतो आणि स्टॅटिक रूटला ते कळत नाही; ओएसपीएफला मात्र शेजाऱ्याचे हॅलो (नियमित येणारे संदेश) येणे थांबले की, वर सांगितलेल्या वेळेत, कळते.