'अलकनंदा' दीर्घिकेत एवढं विशेष काय आहे?

विशेष आहे ते तिचं वय. विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असताना ती दिसते तशी होती; तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे १२ अब्ज वर्षं लागली. इतक्या कोवळ्या विश्वातल्या दीर्घिका वेड्यावाकड्या, गोळ्यागोळ्यांच्या असणार, सपाट तबकडी स्थिरावून तीत सर्पिल भुजा उमटायला अब्जावधी वर्षं जावी लागतात, असा समज होता. अलकनंदेला मात्र मधला फुगवटा आणि दोन स्पष्ट, डौलदार भुजा आहेत.

ती सुमारे ३० हजार प्रकाशवर्षं रुंद आहे, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या साधारण तिसरा हिस्सा. ताऱ्यांचं वस्तुमान सूर्याच्या दहा अब्ज पट. पण वर्षाला सुमारे ६० सूर्यांइतके नवे तारे ती घडवते आणि हा वेग आकाशगंगेच्या वीस-तीस पट आहे!

तिची ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश किती ताणला गेला याचं माप, सुमारे ४ आहे. प्रकाशाची तरंगलांबी (४ + १) पाचपट होऊन तो अवरक्त झाल्यामुळे जेम्स वेबसारखी अवरक्त दुर्बीणच हवी. शिवाय वाटेतल्या 'अबेल २७४४' दीर्घिकासमूहाने गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकवत भिंगासारखं काम करून तिला अधिक तेजस्वी दाखवलं, हे आपलं नशीब.

शोध लावला पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या (एनसीआरए) राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी. २०२५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनीही म्हणतात; मंदाकिनी आणि अलकनंदा या हिमालयातल्या भगिनी नद्या, म्हणून हे नाव तिच्या बहिणीचं. मला ते फार आवडलं.

भुजा इतक्या लवकर कशा उमटल्या, हे कोडं अजून सुटायचंय.