‘५४ इंची कुडू हमखास’ या जाहिरातीविषयी, आणि एकूणच नामिबियातील शिकारीविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कामानिमित्त आपण नामिबियाच्या राजधानीत, विंडहुकला, राहणार आहात, त्या काळात कुडू आणि गेम्सबॉक या दोन कुरंगांची ट्रॉफी शिकार, म्हणजे शिंगे वा डोके आठवण म्हणून ठेवण्यासाठीची शिकार, करण्याचा आपला विचार आहे, आणि एका शिकार-फार्मने ‘५४ इंची कुडू हमखास’ असा शब्द दिला आहे. तो खरा मानावा काय, रायफल कोणती असावी आणि शिंगे पुढे पुण्याला नेता येतील काय, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी या देशात बरीच वर्षे राहतो आणि नोंदणीकृत मार्गदर्शकांबरोबर शिकारीला जात आलो आहे. त्या अनुभवावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची उत्तरे त्यातूनच निघतात: त्या फार्मवर जाऊ नये.

५४ हा आकडा कुठून आला ते आधी पाहू. लंडनच्या रोलंड वॉर्ड या टॅक्सिडर्मिस्टने, म्हणजे मारलेली जनावरे भरून मढवणाऱ्या कारागिराने, १८९२ मध्ये जगभरच्या शिकारींच्या मापांची नोंदवही छापण्यास सुरुवात केली आणि ती परंपरा आजही चालू आहे. त्या वहीत नाव येण्यासाठी दक्षिणी मोठ्या कुडूचे शिंग, फीत त्याच्या पिळाबरोबर बुडापासून टोकापर्यंत फिरवून, किमान ५३ ७/८ इंच भरावे लागते. गेम्सबॉकसाठी ही मर्यादा ४० इंच आहे. अमेरिकेच्या सफारी क्लबची पद्धत वेगळी आहे. तेथे दोन्ही शिंगांची लांबी आणि बुडाचा घेर यांची बेरीज करतात. पद्धत कोणतीही असो, दोन्ही फितींना जनावराचे वय कळत नाही, आणि माझ्या मते सगळा घोळ तेथेच होतो.

आता हमीकडे वळू. गुरांच्या फार्मभोवती जे साधे तारेचे कुंपण असते, ते कुडूचा नर जवळजवळ उभ्याउभ्या ओलांडतो. आज तो एका शेतकऱ्याच्या रानात असतो आणि उद्या दुसऱ्याच्या. अशा मोकळ्या जनावराच्या शिंगांची हमी कोण देऊ शकेल? हमी फक्त अशाच जनावराची देता येते, जे आठ फुटी कुंपणाच्या आत आहे, जे आधीच कुणी दुर्बिणीतून मापले आहे, आणि कित्येकदा लिलावात विकत घेऊन मोसमापुरते रानात सोडले आहे. दक्षिण आफ्रिकेत हा प्रकार एवढा बोकाळला की, सोडा आणि मारा अशा अर्थाचे नावच त्याला पडले. आपल्या फार्मवर नेमके हेच चालते असा आरोप मी करत नाही. परंतु प्रामाणिक मार्गदर्शक ‘चांगल्या नराची शक्यता बरी आहे’ यापलीकडे शब्द देत नाही, हे मात्र खात्रीने सांगतो. कुंपण किती उंच आहे, आवार किती हेक्टरांचे आहे आणि गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेरून कोणती जनावरे आणून सोडली, हे तीन प्रश्न त्यांना सरळ पत्राने विचारावेत. टाळाटाळ झाली की समजून घ्यावे.

मग चांगली ट्रॉफी कशाला म्हणावे? माझे उत्तर असे की, ज्या नराने आपली वीण वाढवली आहे आणि ज्याचा माजाचा काळ सरत आला आहे, तो. कुडूच्या नराला शिंगे फुटतात ती सहा महिन्यांनंतर. पिळाचा पहिला वेढा साधारण दोन वर्षांचा होईपर्यंत पुरा होतो आणि अडीच वेढे पुरे व्हायला सहा वर्षे लागतात. म्हणजे चार वर्षांच्या जोमदार नराची शिंगेही लांबून भव्य दिसतात, पण टोके अजून आत किंवा सरळ वर वळलेली असतात. तोच नर दोन वर्षांनी अडीच वेढे पुरे करून टोके बाहेर व किंचित पुढे झुकवतो. टोके झिजून बोथट व हस्तिदंतासारखी पांढुरकी झाली, मान जाड झाली, मानेवरचे केस विरळ होऊन निळसर राखी कातडी दिसू लागली आणि चाल जड झाली, की तो म्हातारा समजावा. अशा नराची शिंगे झिजल्यामुळे कधी कधी ५० इंचही भरत नाहीत. तरीही तोच मारण्याजोगा असतो; ५४ इंची पाच वर्षांचा नर मारणे म्हणजे उद्याचे उत्तम बीज आज कापून टाकणे होय.

गेम्सबॉकच्या बाबतीत तर इंचांचा हव्यास उघड उघड अनर्थ करतो. कुडूच्या मादीला शिंगे नसतात, परंतु गेम्सबॉकमध्ये नर आणि मादी दोघांनाही ती असतात, आणि मादीची शिंगे बारीक असली तरी नरापेक्षा लांब असतात. नराची शिंगे बुडाशी मनगटासारखी जाड, पण आखूड आणि मारामारीत झिजलेली. केवळ लांबीवर बक्षीस ठेवले की शिकाऱ्याच्या बंदुका कळपातील उत्तम विणाऱ्या माद्यांकडे वळतात. नामिबियातील व्यावसायिक शिकाऱ्यांची संघटना १९७४ पासून काम करते, आणि तिने वयालाही महत्त्व देणारी मोजणीची पद्धत स्वीकारली ती याच कारणाने. आपला मार्गदर्शक त्या पद्धतीने मोजतो का, हे विचारून पाहावे; त्याच्या उत्तरावरून माणसाची पारख होते.

मोसम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर असतो. कुडूसाठी मे अखेर ते जुलै हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो, कारण तेव्हा माजावर आलेले मोठे नर माद्यांच्या कळपाशी येतात. एरवी ते एकटेदुकटे किंवा नरांच्या लहान टोळीत दडून राहतात. पुढे पानगळीमुळे दिसते अधिक, पण वाळलेला पाला पायाखाली इतका वाजतो की कमावलेले सारे तेथेच हरवते.

प्रत्यक्ष माग काढणे हा या सगळ्यातला खरा आनंदाचा भाग आहे आणि त्याचे श्रेय बहुधा पुढे चालणाऱ्या ट्रॅकरचे असते. सकाळी पाणवठ्याच्या वाटेवर खुरांचा ठसा सापडला की तो आधी त्याच्या कडा पाहतो. कडा धारदार असतील आणि तळाशी वाऱ्याने आणलेली धूळ वा किड्याची वाट नसेल, तर ठसा रात्रीनंतरचा. मग लेंडी बोटांनी फोडून आतला ओलावा पाहायचा. मग कुरतडलेल्या फांदीचे टोक: अजून ओले असेल तर नर अर्ध्या तासाच्या आत आहे. दर काही पावलांना ट्रॅकर वारा पाहण्यासाठी राखेची पुरचुंडी झटकतो. राख आपल्या पाठीमागून पुढे गेली की मुकाट्याने मोठा वळसा घ्यायचा. काटेरी बाभळीच्या जातीच्या झुडपांत नर साठ पावलांवर उभा असूनही दिसत नाही, कारण अंगावरच्या पांढऱ्या रेघा आणि फांद्यांतून पडणारे ऊन एकमेकांत मिसळून जातात. दिसते ती कानाची हालचाल, किंवा झाडाची फांदी असावी तितकी सरळ नसलेली एक फांदी, म्हणजे त्याचे शिंग. आणि त्याने आपल्याला आधी पाहिले, तर भुंकल्यासारखा एकच खर्जातला आवाज येतो, आणि सकाळची मेहनत संपते. मात्र पळालेला कुडू पुष्कळदा थोडे अंतर गेल्यावर थांबून मागे वळून पाहतो. अनुभवी मार्गदर्शक त्या क्षणासाठी तीन काठ्यांची तिकाटी आधीच उभी करून ठेवतो.

रायफलीविषयी फार लिहीत नाही. कायद्याने कुडू, गेम्सबॉक, एलंड या आकाराच्या जनावरांसाठी नळीच्या तोंडाशी किमान २७०० ज्यूल ऊर्जा लागते, स्प्रिंगबॉकसाठी १३५०. .३०८ किंवा .३०-०६ यांतील १८० ग्रेन (गोळीच्या वजनाचे माप) वजनाची भक्कम गोळी ही अट आरामात पुरी करते. मार्गदर्शकाची रायफल भाड्याने घ्यावी आणि पहिल्या दुपारी तिकाटीवरून निशाण्यावर पुरेसे बार टाकावेत, कारण टेबलावर टेकून मारलेले नेम रानात उपयोगी पडत नाहीत. हौसेने मोठी मॅग्नम, म्हणजे जादा जोराची रायफल, घेऊन चाप ओढताना डोळे मिटणारे शिकारी इथल्या प्रत्येक ट्रॅकरने पाहिलेले आहेत.

नेम कुठे धरावा हे मात्र नीट समजून घ्यावे. आफ्रिकी कुरंगांचे हृदय व फुप्फुसे छातीत खाली आणि पुढे, खांद्यांच्या मध्ये असतात. जनावर आडवे उभे असेल, तर पुढच्या पायाच्या रेषेत वर जावे आणि देहाच्या खालच्या तृतीयांशावर थांबावे. गेम्सबॉकच्या खांद्यावरचा उंचवटा फसवतो. तो पाहून नेम वर सरकला, तर गोळी पाठीच्या कण्याच्या वरून जाते, जनावर जागीच कोसळते, आपण हस्तांदोलन करत असतो, आणि ते उठून पळते. जायबंदी गेम्सबॉक झुडपाला पाठ लावून उभा राहतो आणि त्याची शिंगे भाल्यासारखी चालतात, म्हणून त्याच्याजवळ मार्गदर्शकाच्या पुढे होऊन कधीही जाऊ नये. रक्ताचा थेंब पडला की जनावर सापडो वा न सापडो, ट्रॉफीची पूर्ण रक्कम द्यावी लागते. हा नियम सर्वत्र आहे आणि तो योग्यच आहे. ही रक्कम राहण्याच्या रोजच्या दरापेक्षा वेगळी असते, कुडूसाठी ती काही हजार अमेरिकी डॉलरांपर्यंत जाऊ शकते, तेव्हा दोन्ही आकडे व कर धरून एकूण खर्च आधी लिहून घ्यावा.

कायद्याचे म्हणाल तर ट्रॉफी शिकारीचा परवाना शिकारीपूर्वी आपल्या नावाने निघाला पाहिजे, एका जातीची वर्षाला दोनच जनावरे मारता येतात, आणि बरोबर नोंदणीकृत मार्गदर्शक असलाच पाहिजे. शेजारच्या फार्मवरचा मित्र ‘या, एखादा मारून जा’ म्हणाला, तरी परवान्याशिवाय ती चोरटी शिकार ठरू शकते. १९६७ च्या आणि नंतर १९७५ च्या अध्यादेशाने येथील खासगी जमीनमालकांना कुडू, गेम्सबॉक, स्प्रिंगबॉक अशा काही जातींवर हक्क मिळाले. तोवर गुरांचा चारा खाणारी उपद्रवी जनावरे म्हणून पाहिली जाणारी ही कुरंगे मग उत्पन्नाचे साधन झाली. सामुदायिक जमिनीवरच्या लोकांना तसा हक्क मिळायला १९९६ उजाडले, आणि पहिल्या चार सामुदायिक संरक्षित क्षेत्रांची नोंदणी १९९८ मध्ये झाली. तेथे शिकार केली तर मांस गावात वाटले जाते. खासगी फार्मवर ते मालकाचे असते आणि त्याचे बिल्टाँग, म्हणजे खारवून वाळवलेले मांस, होते.

ही शिकार मुळात करावीच का, असेही आपण शेवटी विचारले आहे. जीव घेणे ज्याला पटत नाही, त्याला हेक्टरांचे आणि डॉलरांचे हिशेब सांगून काही उपयोग नाही, आणि त्याचे म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली ती आजवर बंद आहे. बोत्सवानाने २०१४ मध्ये बंद करून २०१९ मध्ये पुन्हा सुरू केली. आफ्रिकेतले देशसुद्धा या बाबतीत एकमताचे नाहीत. आपल्याकडचा इतिहासही सरळ नाही: कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काळविटांवर सोडण्यासाठी आफ्रिकेतून चित्ते मागवले जात, आणि २०२२ मध्ये याच नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोला गेले ते मात्र वसवण्यासाठी. माझ्यापुरते म्हणाल, तर मोकळ्या रानातला म्हातारा नर मागावर जाऊन मारणे मला मान्य आहे, आणि कुंपणातला मापलेला नर मारणे नाही.

दोन इशारे येथेच देतो. नामिबियात कुडूंमध्ये रेबीज पसरतो. १९७७ पासूनच्या पहिल्या साथीत हजारो कुडू दगावले. माणसाला न घाबरणारा, लाळ गाळणारा, घराच्या अंगणात येणारा कुडू दिसला, तर त्याला हात न लावता फार्ममालकाला व सरकारी पशुवैद्यकाला कळवावे. दुसरे, देशाच्या उत्तर भागात शिकार केल्यास, लाळ्या-खुरकूत रोगामुळे घातलेल्या पशुवैद्यकीय कुंपणाच्या दक्षिणेला कच्चे मांस वा कातडी तशीच आणता येत नाही. ट्रॉफीसाठी वेगळी कागदपत्रे लागतात.

शिंगांबाबत: खांद्यापर्यंतचे डोके मढवून हवे असेल, तर बार टाकण्याआधीच सोलणाऱ्याला तसे सांगावे. गळा चिरला किंवा कातडी खांद्याच्या पुढे कापली की ती वाया जाते. कवटीसकट नुसती शिंगे ठेवणे स्वस्त पडते, जागा कमी लागते, आणि मला तरी तेच अधिक देखणे वाटते. कुडू व गेम्सबॉक दोन्ही साइट्सच्या (CITES, म्हणजे धोक्यातील वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत नाहीत, पण त्याचा अर्थ भारताचे दार आपोआप उघडे आहे असा होत नाही. वन्यप्राण्यांच्या अवयवांची आयात परकीय व्यापाराचे धोरण, सीमाशुल्क आणि पशु-विलगीकरण या तिन्हींच्या कचाट्यात येते, आणि तपासणीच्या वेळी वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाचे मुंबईचे कार्यालयही त्यात असते. ‘आमचा एजंट सर्व बघतो’ या तोंडी आश्वासनावर जाऊ नये. या कार्यालयांकडून लेखी उत्तर हाती येईपर्यंत शिंगे विंडहुकच्या घरी ठेवावीत आणि टॅक्सिडर्मिस्टला पेटी बांधायला सांगू नये.