इथे लोक येतील कशाला? हाउसिंग आणि सार्वजनिक इमारतींवर तुमचे प्रश्न

यावेळी आलेले बरेचसे प्रश्न आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांचे आहेत, आणि एकाच गोष्टीभोवती फिरतायत: लोकांना एकत्र आणणारी घरं आणि इमारती कागदावर कशा काढायच्या. त्यातले सहा घेतलेत.

मॅडम, चौथ्या वर्षाला 120 घरांचं हाउसिंग आहे. मी मधे मोठं कोर्ट, म्हणजे मोकळा चौक, ठेवून त्याला कम्युनिटी स्पेस लिहिलं. ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, विचारलं, इथे लोक येतील कशाला? मला उत्तरच देता आलं नाही. काय सांगायला हवं होतं?

सांगण्यासारखं काही नव्हतंच गं, उत्तर प्लॅनमध्ये असायला हवं होतं. माणसं कम्युनिटीसाठी म्हणून घराबाहेर पडत नाहीत, ती कामाला पडतात. कचरा टाकायचाय, पत्रपेटी बघायचीय, सायकल काढायचीय, पोराला शाळेतून आणायचंय. वाटेत कोणी भेटलं तर दोन मिनिटं थांबतात आणि थांबायची जागा बरी असेल तर दोनाची वीस मिनिटं होतात. म्हणून आधी ही सगळी कामं प्लॅनवर रेघांनी काढ, कोण कुठून कुठे जातं ते, आणि जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे जागा दे. तुझं कोर्ट मधोमध आहे पण त्यातून एकही रेघ जात नसणार, बघ काढून.

मी एकदा एका वसाहतीत संध्याकाळी चार ते सात वही घेऊन नुसती बसले होते. मधल्या बागेत तीन तासांत चार माणसं आली आणि चौघंही बाग ओलांडून निघून गेली. आणि जिन्याच्या पहिल्या लँडिंगवर, जिथे खिडकीची कड बसण्याइतकी रुंद होती, 45 सेंटीमीटर असेल, तिथे सतत कोणी ना कोणी होतंच. एक आजी पिशवी टेकवून दम खायला बसल्या, मग दोन मुली गृहपाठाच्या वह्या घेऊन, मग एक जण फोनवर बोलत बोलत टेकला. त्या कडेचा रंग मधल्या भागात बसून बसून पार उडाला होता, दोन्ही टोकांना मात्र शाबूत. तिथून फाटक दिसत होतं, स्वतःच्या दाराचा आवाज ऐकू येत होता, आणि थांबायचं नसेल तर "चला, वर जाते" म्हणून उठता येत होतं. हे उठता येणं फार महत्त्वाचं आहे, जिथून सहज निघता येत नाही तिथे लोक मुळात बसतच नाहीत.

दुसरं म्हणजे आकडा. 120 घरांचं एक कोर्ट म्हणजे कोणाचंच नाही. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी नवी मुंबईत बेलापूरला 1983 ते 86 मध्ये केलेल्या घरांचा प्लॅन काढून बस. सात घरांमध्ये एक 8 मीटर बाय 8 मीटरचं अंगण, असे तीन गट मिळून 21 घरांमध्ये एक 12 बाय 12 ची मोकळी जागा, असं ते वाढत जातं. सात घरांत आज कोणी झाडलं आणि कोणी नाही हे सगळ्यांना माहीत असतं. एका जिन्यावर किंवा एका अंगणाला सहा ते दहा घरं धर आणि मग मोठ्या जागेकडे जा. बाल्कनीही जरा बघ, 1.8 मीटरपेक्षा कमी खोल असली की समोरासमोर दोन खुर्च्या नीट मावत नाहीत आणि तिथे कपडे वाळत घालण्यापलीकडे काही होत नाही.

लोकांशी बोलून डिझाइन करा असं सगळे सांगतात. मी ऑनलाइन फॉर्म पाठवला, 11 जणांनी भरला आणि जवळजवळ सगळ्यांनी "पार्किंग आणि बाग" लिहिलं. आता पुढे काय?

फॉर्म बंद कर. काय हवंय असं विचारलं की माणसं आधी पाहिलेलंच सांगतात, त्यात त्यांची काही चूक नाही. काल काय केलं ते विचार. काल दुपारी तीनला कुठे होता, पोरं कुठे खेळत होती, पाहुणे आले तेव्हा कोण कुठे झोपलं. यातून जे निघतं ते कुठल्याच फॉर्ममध्ये येत नाही. सोबत 1:50 चं, म्हणजे खऱ्याच्या पन्नासाव्या भागाएवढं, पुठ्ठ्याचं मॉडेल ने, भिंती हलवता येतील असं, मुद्दाम ओबडधोबड केलेलं, कारण चकाचक मॉडेलला हात लावायला लोक घाबरतात. आणि त्यांनी भिंत हलवली की लगेच "पण मग उजेड कुठून येणार" म्हणून अडवू नकोस, पाच मिनिटं गप्प बस, त्यांचं त्यांनाच दिसतं.

मीटिंगला न येणाऱ्यांना शोधून काढ, कारण जोरात बोलणारे चार जण आपोआप येतातच. रात्रपाळी करणारे, घरी आजारी माणूस असलेले, मुलं, आणि त्या इमारतीत झाडलोट करणारी माणसं, यांच्याकडे तूच जायचंस. सकाळी, भर दुपारी आणि रात्री दहाला अशा तीन वेळा तरी जा. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट सांग की मी विद्यार्थी आहे, यातून घर बांधलं जाणार नाहीये. लोकांनी त्यांचा वेळ दिलेला असतो, त्यांना खोटी आशा लावणं बरोबर नाही. आणि काम झाल्यावर परत जाऊन दाखव, त्यांचं काय घेतलं, काय नाही आणि का नाही.

उंच टॉवरमध्ये कम्युनिटी होतच नाही हे खरं आहे का?

नुसत्या उंचीला दोष देऊन भागत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या प्रुइट-आयगो या वसाहतीचं उदाहरण सगळ्यांनाच शिकवतात, मिनोरू यामासाकीचं डिझाइन, 11 मजल्यांच्या 33 इमारती, 1972 पासून पाडायला सुरुवात. लिफ्ट दर तीन मजल्यांनी थांबायची, तिथल्या गॅलऱ्या शेजाऱ्यांनी भेटण्यासाठी होत्या आणि त्याच भीतीच्या जागा झाल्या. पण अर्धी गोष्ट सांगायची राहून जाते. देखभालीचा खर्च भाड्यातून निघायचा होता, शहरातून लोक बाहेर जात होते, राहणारे गरीब, मग लिफ्ट दुरुस्त कोण करणार? म्हणजे गॅलरी इतक्या घरांची होती की ती कोणालाच आपली वाटली नाही, आणि वर सांभाळायला पैसाही नव्हता. दोन्ही खरं आहे.

आता फ्रान्समधल्या बोर्डोचं ग्रां पार्क बघ. साठच्या दशकातल्या तीन उंच इमारती, 530 घरं. लाकातों आणि वासाल या आर्किटेक्ट जोडीने सहकाऱ्यांबरोबर त्या न पाडता बाहेरून 3.8 मीटर खोल हिवाळी बागा (बंद करता येतील अशा, भरपूर उजेडाच्या जागा) आणि बाल्कन्या जोडल्या, आणि काम चालू असताना लोक आपापल्या घरातच राहिले. शेजारपाजार तुटला नाही ही त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट, असं मला मनापासून वाटतं.

तरी उंचीचा परिणाम आहेच. शहरांचा अभ्यास करणारे डॅनिश आर्किटेक्ट यान गेल यांनी दाखवून दिलंय की साधारण पाचव्या मजल्याच्या वर गेलं की रस्त्याशी नातं संपतं, खालच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, हाक पोचत नाही. म्हणून लहान मुलांची घरं खाली ठेव आणि वर दर तीन-चार मजल्यांना एक छोटी सामायिक गच्ची दे, लिफ्टमधून उतरल्यावर तिच्यावरूनच घरी जावं लागेल अशी. आणि टॉवर ठरवण्याआधी तेवढीच घरं फोमच्या ठोकळ्यांनी तीन प्रकारे मांडून बघ, पुष्कळदा चार-पाच मजली चौक-पद्धतीत तेवढीच डेन्सिटी, म्हणजे तेवढ्याच जमिनीवर तेवढीच घरं, बसते.

थिसिसला इन्क्रिमेंटल हाउसिंग, म्हणजे राहणाऱ्यांनी पुढे वाढवत न्यायची घरं, घेतलंय. अर्धं घर सोडून दिलं तर डिझाइन अर्धवट वाटणार नाही का?

कोणतं अर्धं देतोस त्यावर आहे. चिलीतल्या इकिकेमध्ये एलिमेंटल या आर्किटेक्ट संस्थेने 2004 मध्ये किंता मोन्रॉय ही वसाहत पूर्ण केली, जवळपास 100 कुटुंबं, शहराच्या मध्यात 30 वर्षं राहत असलेल्या त्याच जागेवर. पैसा फक्त अर्ध्या घराचा होता, मग त्यांनी एकट्या कुटुंबाला जमणार नाही ते अर्धं बांधलं: स्ट्रक्चर, जिना, स्वयंपाकघर, बाथरूम, छप्पर. उरलेली जागा लोकांनी हळूहळू भरली. इंदूरची अरण्य वसाहत, आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींची, तीही याच विचाराची आहे, तिथे प्लॉटवर जोतं आणि सेवांचा गाभा (पाणी, शौचालय वगैरे) दिला आणि नमुना म्हणून 80 घरं बांधून दाखवली, म्हणजे कसं वाढवता येतं ते लोकांना डोळ्यांनी दिसलं.

शीटवर तीन प्लॅन लाव: पहिला दिवस, पाचवं वर्ष, पंधरावं वर्ष. पंधराव्या वर्षाच्या प्लॅनमध्ये शेजाऱ्याची खिडकी बुजते का ते बघ, ड्रेनेजची चेंबर कोणाच्या नव्या खोलीखाली जाते का ते बघ. बहुतेक थिसिस इथेच अडकतात. पहिल्या दिवसाचं घर सगळ्यांचंच छान असतं.

सार्वजनिक वाचनालय करतेय. एंट्रन्सला भव्य पायऱ्या ठेवल्यात, लोक त्यावर बसतील म्हणून. गाइड म्हणतात काढ. काढू का?

बसायच्या पायऱ्या छान असतात, पण आत जायची वाट तीच असेल तर काढ. जोतं 1.2 मीटर उंच धरलं आणि रॅम्प 1:12 (12 मीटरला 1 मीटर चढ) घेतला तर रॅम्पच 14.4 मीटर होतो, मधली लँडिंग वेगळी, आणि मग तो इमारतीच्या बाजूला कुठेतरी जातो, म्हणजे व्हीलचेअरवरचा माणूस मागच्या दाराने येणार. प्रॅमवाली आई पण, गुडघे दुखणारे आजोबा पण. रस्त्याच्या लेव्हललाच दार ठेव, बसायच्या पायऱ्या बाजूला कर.

भव्यतेपेक्षा मोठा प्रश्न हा की आत यायची भीती वाटते का. मला इथे हाकलतील का, असं ज्याला वाटतं तो दाराशीच घुटमळतो. म्हणून बाहेरून आतली माणसं दिसू दे, दारातून काउंटर दिसू दे पण दारासमोरच पहारेकऱ्यासारखा नको, आणि प्यायचं पाणी, टॉयलेट, काही विकत न घेता बसायची जागा या तिन्ही गोष्टी पुढच्या भागातच दे. खुर्च्या हलत्या ठेव, अमेरिकन अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी चौकांमधली माणसं वर्षानुवर्षं टिपली आणि त्यांना दिसलं की बसण्याआधी माणूस खुर्ची दोन इंच का होईना सरकवतो. तेवढ्यानेच ती त्याची होते.

ब्राझीलमधल्या साओ पावलोचं सेस्क पोम्पेया हे सांस्कृतिक केंद्र नक्की अभ्यास. त्याच्या आर्किटेक्ट लीना बो बार्दी तिथला जुना कारखाना बघायला गेल्या तेव्हा तिथे लोक आधीच वावरत होते, मुलं खेळत होती, आणि ते चाललेलं तसंच चालू राहावं यासाठी त्यांनी शेड न पाडता राखल्या.

आणि एक, प्लॅनमध्ये एक खोली अशी दे की जिला रस्त्यावरून वेगळं दार आहे आणि तिच्याजवळ टॉयलेट आहे. वाचनालय आठला बंद झालं तरी ती दहापर्यंत चालू राहील, संपूर्ण इमारत उघडी न ठेवता. किल्ली कोणाकडे राहणार हे आत्ताच ठरव, कारण ती खोली उघडेल की नाही हे त्यावरच आहे.

माझं काम फार साधं दिसतं, इतरांच्या रेंडरपुढे (कॉम्प्युटरवर केलेल्या चित्रांपुढे) फिकं पडतं. फसाडवर, म्हणजे इमारतीच्या दर्शनी बाजूवर, काहीतरी करू का?

नको. 1996 मध्ये बोर्डोच्या एका छोट्या चौकाचं, प्लास लेऑं ओकॉकचं, सुशोभीकरण करायचं काम लाकातों आणि वासाल यांना मिळालं होतं, त्यांनी बघितलं, रहिवाशांशी बोलले आणि सांगितलं की चौक सुंदरच आहे, खडी बदला, झाडांची निगा राखा, जास्त वेळा साफ करा. बास. पण तसं म्हणण्याआधी त्यांनी पाहिलं होतं, आणि ते पाहिलेलं तुझ्या शीटवर दिसायला हवं. 1:50 चा एक मोठा सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापून आतलं दाखवणारं चित्र, काढ, त्यात माणसं कॉपी-पेस्ट केलेली नकोत, साईटवर खरोखर बघितलेली हवीत, जिन्यात टेकलेली, दारात बोलणारी. आणि त्याच सेक्शनमध्ये सामायिक जागेच्या कोपऱ्यात पाण्याचा नळ, झाडू-बादली ठेवायचं कपाट आणि पाणी वाहून जायचा उतारही दाखव.