प्रदर्शनात आणि शोरूममध्ये दाखवायचे व्हिडिओ, कॅटलॉग, डाटा शीट (मालाची तांत्रिक माहिती देणारी पानं) सांभाळायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. तुमच्याकडे जुनी फाईल काढून टाकायचं काम कोणाचं आहे? नवीन चढवायला दहा जण असतात. जुनं उतरवायला आमच्याकडे कोणीच नव्हतं, आणि ते मला चांगलंच भोवलं.

पंप बनवणाऱ्या एका कंपनीत विक्रीवाल्यांना असलं सगळं साहित्य पुरवायचं काम मी नऊ वर्षं केलं. एका मोठ्या प्रदर्शनाच्या तोंडावर नवं ॲप घेतलं. सगळं क्लाउडवर, प्रत्येकाच्या हातात टॅब, छापील कागद बंद. पहिल्या दिवशी तासभर झकास चाललं. मग हॉल भरला आणि वायफाय झोपलं. झोपणारच! वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न घुसणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि तिथे स्टॉलगणिक वेगळा राउटर. टॅबवर आधी डाउनलोड करून ठेवलं होतं तेवढंच उघडत होतं.

आमच्या एका मुरलेल्या प्रतिनिधीचा टॅब मात्र धडाधड सगळं दाखवत होता, त्यामुळे महत्त्वाची गिऱ्हाइकं आम्ही त्याच्याकडेच वळवली. तो टॅब मागच्या प्रदर्शनापासून कपाटात पडून होता, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. मधल्या काळात एका मॉडेलचं केसिंग, म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच, बदललं होतं आणि दाबाची मर्यादा १६ बारवरून १० बारवर आली होती. नव्या शीटमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. त्याच्या टॅबवर जुनी शीट. एका इंजिनिअरने स्क्रीनचा फोटो काढला, दोन महिन्यांनी ऑर्डर आली ती १६ बारची, सोबत तो फोटो जोडलेला. बोलणार काय? वरच्या सिरीजचा पंप त्याच दरात द्यावा लागला.

बैठकीत विक्रीप्रमुखांनी सगळं खापर ॲपवर फोडलं. मी म्हणालो, जुनी शीट मागे घ्यायची जबाबदारीच कोणावर टाकलेली नाही, ॲप काय करणार? त्यांचं म्हणणं, "माणसाजवळ सगळं असू दे, काय दाखवायचं ते त्याला कळतं." मला हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. गिऱ्हाईक समोर उभं असताना जी फाईल आधी उघडेल तीच माणूस दाखवतो. त्यात त्याची चूक नाही. चुकीची फाईल त्याच्या हातात राहू देणाऱ्याची आहे.

त्यानंतर मी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाकायला लागलो, कोणी फोटो काढला तरी त्यात येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. डिझाइनवाले कुरकुरले. निघायच्या आदल्या दिवशी सगळे टॅब गोळा करून, विमान मोड लावून, एकेक फाईल स्वतः उघडून बघायचो. प्रमुख त्याला बालवाडी म्हणायचे. म्हणू देत.

ॲप निवडताना एवढंच तपासा: फाईलला मुदत घालता येते का, आणि नेट नसतानाही ती मुदत संपते का? विक्रेत्याच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका. फाईलला उद्याची मुदत घाला, टॅबचं नेट बंद करा आणि परवा उघडून बघा. गिऱ्हाइकाला पीडीएफ पाठवू नका, लिंक पाठवा. व्हॉट्सॲपवरून गेलेली पीडीएफ एकदा पुढे पाठवली गेली की परत बोलावता येत नाही, ती वर्षानुवर्षं फिरत राहते. क्यूआर कोड छापणार असाल तर त्यात तुमच्याच साइटवरचा एक कायमचा पत्ता घाला आणि तो पुढे कुठे न्यायचा ते मागून बदलत राहा, कारण छापलेला कोड बदलता येत नाही.

शोरूमचं दुखणं उलटं असतं. तिथे नेट असतं, पण भिंतीवरच्या स्क्रीनकडे आपल्याच माणसांचं लक्ष नसतं, आणि बंद झालेलं मॉडेल महिनोन्‌महिने ऐटीत फिरत राहतं. महिन्यातून एकदा कोणीतरी गिऱ्हाईक होऊन ती अख्खी फिल्म बघावी. आवाज बहुधा बंदच असतो, म्हणून अक्षरं हवीत. पेनड्राइव्हवरून चालवत असाल तर एफएटी ३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, हे उद्घाटनाच्या सकाळी कळण्यापेक्षा आजच कळलेलं बरं.

दहा उत्पादनं आणि दोन विक्रेते असतील तर यातलं काहीच विकत घेऊ नका, एक सामायिक फोल्डर पुरतो. टाइल्स, रंग, कापड असल्या मालाला माझा अनुभव फारसा लागू नाही. प्रत्येक स्क्रीनवर रंग वेगळा दिसतो, तिथे खरा नमुनाच हातात द्यावा लागतो. आणि हो, आमच्या त्या ॲपमध्ये ऑफलाइन मुदतीची सोयच नव्हती, म्हणजे थोडा दोष ॲपचाही होता. बैठकीत मी हे कबूल केलं नव्हतं.

ते प्रमुख आता दुसऱ्या कंपनीत आहेत. त्यांच्या डाटा शीटवर अजून तारीख नसते. मी मुद्दाम बघतो.