फी भरलीत, पण मुलीला विचारलंत का?

बडोद्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बी ग्रुपमधून (गणिताऐवजी जीवशास्त्र घेऊन) बारावी झाली, नीटसाठी एक वर्ष ड्रॉप घेतला, मार्क वाढले पण सीट मिळाली नाही. आता ती म्हणते, मला रानउंदरांचा डीएनए अभ्यासायचाय, शिवाय त्यात गणित नाही. वडील विचारतात, हे खूळ डोक्यातून कसं काढू?

दादा, मार्कांची मला काळजी नाही. काळजी आहे तुमच्या एका वाक्याची: 'दुसऱ्या ड्रॉपचा पहिला हप्ता भरून आलो, मग तिला सांगितलं.' तिचं अख्खं वर्ष तिला न विचारता ठरवलंत. पुढे लिहिता, 'नातेवाइकांना काय सांगू, पोरगी उंदीर पकडते?' दोन पानी पत्रात नातेवाईक चार वेळा आले, आणि तिला उंदीरच का आवडले हे एकदाही नाही. ते तुम्ही विचारलेलंच नाही, असं मला स्पष्ट दिसतं. हे चूक आहे.

उंदीर ती पकडेलच. शेताच्या बांधावर पिंजरे लावायचे, कानाचा इवलासा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवायचा, उंदीर सोडून द्यायचा. त्या डीएनएत काही जागी सीए-सीए-सीए अशी अक्षरं ओळीने येतात. एखाद्यात बारा वेळा, दुसऱ्यात सतरा वेळा. अशा जागेला मार्कर म्हणतात. असे बरेच मार्कर मांडले की दोन शेतांतल्या उंदरांची एकमेकांत ये-जा आहे की नाही ते कळतं. ये-जा असेल तर एकाच शेतात औषध घालून उपयोग नाही, शेजारचे येतातच. दक्षिण अटलांटिक महासागरातल्या दक्षिण जॉर्जिया बेटावर हिमनद्यांनी उंदरांच्या वस्त्या वेगळ्या पाडल्या होत्या, हे अशाच मार्करांनी दाखवलं. म्हणून तिथे एकेक भाग घेत टप्प्याटप्प्याने उंदीर संपवायची मोहीम झाली आणि 2018 मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. आणि 1994 ची सुरतची प्लेगची साथ तुम्हाला आठवत असेलच. नातेवाइकांना हे सांगा.

आता मुलीसाठी. बी ग्रुप घेतला म्हणजे गणित सुटलं, हा समज आजच सोड. या कामाचा निम्मा जीव संख्याशास्त्रात आहे. एका शेतात आठच उंदीर सापडले आणि वैविध्य कमी दिसलं, तर ते खरंच कमी आहे की नमुना तोकडा पडला? याचं उत्तर पिंजरा देत नाही. संभाव्यता यायला हवी, आर नावाच्या भाषेत थोडंफार प्रोग्रॅमिंगही.

वाटा माहितीच्याच आहेत: आयसर या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा आयएटी (तिच्यात गणित आहेच), भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञान संस्थेसाठी नेस्ट ही परीक्षा, नाहीतर तिथेच सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्रात बीएस्सी, पुढे एमएस्सीसाठी जॅम, पीएचडीसाठी नेट या परीक्षा. पीएचडीपर्यंत पंचविशी उलटते आणि पैसा उशिरा येतो, हेही तिला आत्ताच माहीत हवं.

दादा, पुढचा हप्ता थांबवा. अकरावीचं गणिताचं पुस्तक आणून तिच्यापुढे ठेवा आणि विचारा, रोज तासभर हे करशील का? हो म्हणाली तर फॉर्म भरताना शेजारी बसा. नाही म्हणाली, तर पुढचं पत्र तिला स्वतःला लिहू द्या.